परत आलेलं पातेलं

१९९३ साल होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात सरकारनं कॉड माशाची मासेमारी बंद केली, आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पिंचर्स कोव्हमध्ये बोटी ओढून जमिनीवर घेतल्या त्या तिथंच राहिल्या. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून पहाटे इंजिनांचा आवाज ऐकूनच चहाचं आधण ठेवायची. कुणाची बोट निघाली ते अंथरुणातूनच कळायचं. आता पहाटे जाग यायची ती सवयीनं, आणि मग ऐकायला काही नसायचं. माझा नवरा गार्लंड खिडकीशी उभा राहून पाण्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "वारा चांगला पडलाय आज." वारा कशाला चांगला, ते तो बोलायचा नाही.

त्या काळी आमच्या गावात कुठलीच वस्तू मालकाच्या घरी सापडत नसे. माझं मोठं पातेलं, आईनं लग्नात दिलेलं, वर्षातले जेमतेम दोन महिने माझ्या चुलीवर असायचं. कुणाकडे बाप्तिस्मा, कुणाकडे मयत, कुणी मूस हरणाची शिकार करून आणलेली, की पातेलं निघालंच. मला लागलं की मी घरोघर विचारत फिरायची, आणि ते सापडेपर्यंत चार घरचा चहा व्हायचा. शिडी, करवत, बोट वर ओढायची कप्पी, सगळ्याचं तसंच. न मागता, घासूनपुसून परत आणून ठेवलेली वस्तू मात्र थोबाडीत मारल्यासारखी लागायची. तुमचं आमचं संपलं, असा त्याचा अर्थ. सगळं गाव जिला मावशी म्हणे त्या माहालामावशीच्या जावेनं एकदा तिची केकची भांडी रस्ता ओलांडून तिच्या दारात आणून ठेवली होती. त्यानंतर दोघी चर्चमध्ये एकमेकींकडे पाठ करून बसायच्या, ते थेट जाऊ वारेपर्यंत.

हेडली माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा तो शाळकरी होता, कोपरं फाटलेला स्वेटर घालून माझ्या मागं मागं फिरायचा, म्हणून पुढंही मी त्याला अरेतुरेच करायची. मोठा झाल्यावर गावात त्याच्याइतकं नीट जाळं कुणी विणत नसे, आणि त्याच्याइतक्या थापाही कुणी मारत नसे. त्याची बायको ऊना त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅन्सरनं गेली. मुलगी ग्लेनिस दूर पश्चिमेला अल्बर्टात, तेलाच्या कंपनीत नोकरीला. आईच्या मयताला आली आणि आठवड्यात परत गेली. तिचंही खरंच होतं, राहून करणार काय?

मासेमारी बंद झाल्यावर सरकारकडून पैसे मिळायचे, पण त्यासाठी काहीतरी नवीन शिकायला जावं लागायचं. उभा जन्म जाळी ओढलेले पुरुष शाळेच्या बाकांवर गुडघे अडकवून बसले. हेडलीच्या वाट्याला केस कापायचा वर्ग आला.

"वहिनी, गार्लंडला बसव खुर्चीत," तो एकदा कात्री घेऊनच आमच्या स्वयंपाकघरात आला. "टक्कल आहे. चुकायची भीती नाही."

"जवळ ये, तुझेच कान कापतो," गार्लंड म्हणाला.

ती त्या उन्हाळ्यातली शेवटची थट्टा. पुढं हेडलीनं वर्ग सोडला. बोटीच्या शेडवर पत्ते खेळायला येईना. दुकानात दिसला की हातात रमची बाटली असायची आणि नजर जमिनीवर. आम्ही म्हणायचो, ऊनाचं दुःख आहे, वेळ लागेल. मी रविवारी जेवायला बोलवायची. तो "बघतो" म्हणायचा आणि यायचा नाही.

ऑक्टोबरात त्यानं वस्तू परत करायला सुरुवात केली.

पहिल्यांदा माहालामावशीचं खिमा करायचं यंत्र. मावशीचं घर आमच्या समोर. ती लगोलग रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"थर्झा, तुझ्या दिराचं माझ्याशी काय वाकडं आहे?"

"काय झालं?"

"माझं यंत्र आणून दिलं. तेल लावून. दारात उभा राहिला, आत सुद्धा आला नाही. म्हणे, 'मावशी, हे तुमचं.' मला काय माहीत नाही माझं आहे ते? ऊनाच्या मयताला मी सारण भरून तीन पाई भाजून दिले होते."

"सफरचंदाचे, ना?"

"दोन सफरचंदाचे. तोंड बघ याचं."

मग शिडी परत गेली. मग पाद्र्याच्या घरची इस्त्री. एका सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकून आले तर माझं पातेलं मागच्या पायरीवर होतं. इतकं घासलेलं, की त्यात माझा चेहरा दिसत होता. आणि त्याच दुपारी त्यानं गार्लंडकडे कप्पी आणली. ती कप्पी त्या दोघांच्या वडिलांची. बाप गेल्यापासून कधी याच्या शेडमध्ये, कधी त्याच्या, आणि दोघांच्या बोटी तिनंच वर यायच्या. हेडलीनं ती बाकावर ठेवली, दोर नीट गुंडाळून.

"तुझ्याकडेच असू दे," तो म्हणाला आणि निघून गेला.

गार्लंड कितीतरी वेळ त्या दोराकडे बघत बसला. 

"बापाची वस्तू तोंडावर आणून टाकली माझ्या," शेवटी तो म्हणाला. "मी काय केलं गं त्याचं?"

"जाऊन विचार ना."

"मी जाऊ? परत त्यानं आणून दिलीय, मी नाही."

सगळं गाव असंच रुसलं. दुकानात दोन माणसं भेटली की हेडलीचा विषय. कुणी म्हणे डोक्यात हवा गेली, कुणी म्हणे अल्बर्टाला निघालाय आणि सांगत नाही. त्याच्या दारावरून ये-जा करणारे रस्ता बदलून जायला लागले. ज्याला जो समजेल तो अपमान त्यानं आपापल्या घरी नेऊन जपला, आणि त्याच्या घराकडे कुणी फिरकेना.

त्याच सुमारास चर्चच्या हॉलमध्ये नर्सबाईंचं बोलणं ठेवलं होतं. बर्नीस तिचं नाव, खाडीपलीकडच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात असायची. मासेमारी बंद झालेल्या गावांतून ती हिंडत होती. विषय जाहिरातीत लिहिलाच नव्हता, नुसतं "आपलं मन आणि हा हिवाळा" असं होतं. चहा आणि मनुकांचे बन माझ्याकडे होते, म्हणून मी गेले. पुरुष एकही नाही. दहा-बारा बायका, त्यातल्या निम्म्या विणकाम घेऊन आलेल्या.

बर्नीस तरुण होती, पण आडपडदा नव्हता. आत्महत्या हा शब्द तिनं सरळ उच्चारला. आमच्या गावात तो कुणी उच्चारत नसे. गार्लंडच्या एका काकाबद्दल घरात कायम "अपघात" म्हणूनच बोलायचे, आणि बोलताना एकमेकांकडे बघायचे नाहीत.

"एका कारणानं कुणी जात नाही," ती म्हणाली. "एकावर एक ओझं चढत जातं. हातचं काम जातं, जवळचं माणूस जातं. घरात पूर्वी असं झालेलं असतं. दारू वाढते. आपण सगळ्यांना जड झालोय असं वाटायला लागतं. आणि अशा वेळी घरात बंदूक हाताशी असते."

माहालामावशीनं सुया मांडीवर ठेवल्या. "अगं पोरी, काम गेलेलं, पोरं अल्बर्टाला, घरात बंदूक आणि कपाटात रम. तू तर सगळ्या गावाचंच वर्णन केलंस."

बायका हसल्या. बर्नीसही हसली.

"म्हणूनच आलेय, मावशी. मग तुम्हीच सांगा, बाकीचे कशावर तरलेत?"

"एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्यांवर."

"ते काही थोडं नाही," बर्नीस म्हणाली, आणि आता हसत नव्हती. "आपण नाही दिसलो तर कुणीतरी 'कुठं मेला हा' म्हणून विचारणार आहे, हे ज्याला माहीत असतं तो टिकतो. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडतं, तो टिकतो. धरून ठेवणाऱ्या गोष्टी अशाच असतात, लहान लहान."

मग ती म्हणाली, काही खुणा असतात. माणूस आपल्या लाडक्या वस्तू वाटून टाकतो. बरेच महिने बेचैन असलेला अचानक शांत दिसायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो.

"वस्तू वाटायला आहे काय आमच्याकडे," मावशी पुटपुटली. "जे आहे ते एकमेकांचंच."

मी बनांचं ताट घेऊन उभी होते. ते तसंच खुर्चीवर ठेवलं आणि बर्नीसच्या जवळ गेले.

"वाटत नसेल," मी हळूच विचारलं, "पण मागून आणलेलं सगळं परत करत असेल, तर?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "कोण?"

"माझा दीर."

"आत्ता जा," ती म्हणाली. "विचारल्यानं मनात येत नाही. आधीच असतं. शब्द उच्चारून विचारा. आणि एकटं सोडू नका. मी इथंच थांबते."

मी कोट घ्यायलाही थांबले नाही. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही, मीही वाजवलं नाही. हेडली स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. फरशी झाडलेली. चुलीवर काही नव्हतं, खुंट्या रिकाम्या. इतक्या वर्षांत गावाच्या वस्तूंनी भरलेलं ते घर, ज्याच्या त्याला देऊन टाकल्यावर कोऱ्या खोक्यासारखं झालं होतं. आणि त्याचा चेहरा शांत होता. 

"ये वहिनी," तो म्हणाला. "पातेल्यावरून भांडायला आलीस?"

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हेडली, तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

चुलीतलं लाकूड तडकलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी आणखी काही बोलले असते तर त्यानं थट्टा करून वेळ मारून नेली असती, हे मला माहीत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"पातेल्यानं."

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि मग चेहरा एकदम वेडावाकडा झाला. ऊनाच्या मयतातही तो रडला नव्हता. मी उठून त्याचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी पडला की धरायची तसं.

"मागाहून कुणाला शोधत बसायला लागू नये, एवढंच," तो म्हणत होता. "लोकांच्या वस्तू माझ्या घरात अडकून राहतील. ग्लेनिसला काय माहीत कुठली कुणाची. मी कुणाला त्रास नव्हतो देत, वहिनी."

"माहीत आहे."

"गार्लंड खिडकीशी उभा असतो ना पहाटे? मीही असतो. तो वारा बघतो. मला काही बघावंसंही वाटत नाही."

त्यानं बरंच काही सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही, ते त्याचं आहे. मी मध्ये बोलले नाही. असं बोलू नये रे, ऊनाला काय वाटेल, देवाला काय वाटेल, हे सगळं ओठांवर आलं होतं. बर्नीस तसं काही म्हणाली नव्हती, पण मला वाटलं, हा माणूस आत्ता दार किलकिलं करून उभा आहे, आपण आत उपदेश ढकलला तर तो लावून घेईल. म्हणून मी चहा केला. डब्यातलं दूध घातलं, त्याला लागते तितकी साखर घातली. तो प्यायला.

मग मी म्हटलं, "बंदूक मी नेते."

त्याची मान वर आली. "ती माझी आहे. कुणाकडून मागून आणलेली नाही. ती काय म्हणून देऊ?"

"देऊ नकोस. मी मागून नेतेय."

"तुला कशाला बंदूक?"

"कोंबड्यांवर घार येते."

"घारीला मूस मारायची बंदूक?"

"मोठी घार आहे."

त्यानं कप खाली ठेवला. "परत कधी करशील?"

"आपल्याकडे कोण परत करतं?" मी म्हटलं.

तेव्हा तो हसला. अगदी बारीक, डोळे पुसता पुसता, पण हसला. मला आजही ते हसू जसंच्या तसं दिसतं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ काही विसरले, परवा तर माझ्याच नातीचं नाव चुकले, पण ते हसू नाही.

मी बंदूक काखेत मारली, गोळ्यांचा डबा एप्रनच्या खिशात टाकला, आणि हेडलीला म्हटलं, "चल, एकटी नाही जाणार मी हे धूड घेऊन." आम्ही भर दुपारी गावातून चाललो. मी एप्रनवर, काखेत बंदूक, मागून तो कोट न घालता. प्रत्येक खिडकीत पडदा हलला. हॉलच्या पायरीवर बर्नीस उभी होती. ती आमच्या मागून चालायला लागली.

गार्लंड दारातच होता. आमच्याकडे बघून, काखेतल्या बंदुकीकडे बघून त्याला कळलं. त्यालाही काकाची गोष्ट माहीत होती, माझ्यापेक्षा जास्त.  तो वळून शेडमध्ये गेला, कप्पी घेऊन आला आणि भावाच्या हातात कोंबली.

"घेऊन जा ही," तो म्हणाला.  "माझ्या शेडमध्ये जागा नाही."

"तू तर शेड रिकामीच केलीस उन्हाळ्यात."

"तुला सांगितलं ना जागा नाही म्हणून? आणि बस आधी. जेवून जा. उद्या ये आणि परवाही ये, नाहीतर मी येऊन ओढून आणीन."

दुसऱ्या दिवशी बर्नीस त्याला खाडीपलीकडे डॉक्टरकडे घेऊन गेली. औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला तो तिच्याशी बोलायला जायचा, गार्लंड त्याला ट्रकमधून न्यायचा आणि बाहेर बसून राहायचा. ग्लेनिसला मी फोन केला आणि शब्द उच्चारूनच सांगितलं. ती तिकडे खूप रडली, मग रोज संध्याकाळी बापाला फोन करायला लागली.

गावाला मी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. बंदूक सगळ्यांनी बघितली होती, आणि आमची माणसं रुसतात तशी समजूनही घेतात. फक्त तोंडानं कबूल करत नाहीत. पहिली माहालामावशी. खिम्याचं यंत्र घेऊन ती त्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि टेबलावर आपटलं.

"घे हे. माझ्या घरात अडगळ झालीय."

"मावशी, तुमचंच आहे."

"माझंच आहे म्हणून तर तुझ्या घरात ठेवतेय. आणि तेल कशाला लावलंस रे? सगळ्या सॉसेजला वास आला."

मग शिडी आली. इस्त्री आली. पाद्र्यानं तर कधी हेडलीकडे नव्हतीच अशी एक आरामखुर्ची आणून टाकली. आणि लोक त्याच्याकडून न्यायलाही लागले. कुणाला जाळ्याची सुई हवी, कुणाला लाकडं फोडायला हात हवा. मासेमारी बंद होती, तरी फाटकी जाळी घेऊन माणसं त्याच्याकडे यायची, आणि ती कधी पाण्यात जाणार, हे कुणी विचारायचं नाही.

त्यानं सगळं सरळ झालं असं नाही. त्या हिवाळ्यात कितीदा तरी तो दुपारी येऊन आमच्या चुलीशेजारच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचा. "आज वाईट आहे, वहिनी," एवढंच म्हणायचा. मी "बरं" म्हणायची आणि बटाटे सोलत राहायची. कधी कधी तो उठून एखादा बटाटा सोलायला घ्यायचा. माझं पातेलं त्याच्याकडे मी स्वतः नेऊन ठेवलं. दर रविवारी मी ते आणायला जायची, आणि दर रविवारी त्याला घेऊन यायची, पातेलं उचलायला.

बर्नीस पुढं सेंट जॉन्स शहरात गेली, तिथल्या दवाखान्यात मोठी अधिकारी झाली. नाताळला अजून तिचा फोन येतो. माहालामावशी ब्याण्णव वर्षांची होऊन गेली. तिच्या मयताला पाई हेडलीनं भाजले, खालून करपलेले, आणि सगळ्यांनी खाल्ले. ग्लेनिस नवरा-मुलांना घेऊन परत आली आणि बापाच्या शेजारीच घर बांधलं. हेडलीनं तिच्या मुलांचे केस कापले, दरवेळी वाकडे.

गार्लंड २००८ मध्ये गेला. शेवटच्या महिन्यात हेडली त्याच्या उशाशी बसायचा आणि पहाटे खिडकीतून बघून सांगायचा, "वारा चांगला पडलाय आज."

हेडली स्वतः २०१९ च्या वसंतात, सत्तरी ओलांडून, झोपेत हृदय थांबून गेला. ग्लेनिस आणि मी त्याचं घर आवरायला गेलो, तर निम्मं सामान दुसऱ्यांचं. कप्पी होती, पाद्र्याची आरामखुर्ची होती, मावशीचं यंत्र होतं, न ओळखता येणाऱ्या कितीतरी वस्तू होत्या. "आता हे कुठलं कुणाचं कसं कळणार?" ग्लेनिस म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं आणि रडूही. आम्ही काहीच परत केलं नाही. लोक आले तसे घेऊन गेले, आपलं नसलेलंसुद्धा.

त्याची बंदूक मी कधीच परत केली नाही. पुढं गार्लंडनं ती पोलिसांकडे जमा केली. हेडलीनं तिची चौकशी एकदाही केली नाही, पण दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारायचा, "काय वहिनी, घार येते का अजून?"

मी आता खाडीपलीकडच्या वृद्धांच्या घरात राहते. इथं जेवण ताटात येतं, पातेल्याची गरज नाही. माझं पातेलं पिंचर्स कोव्हमध्ये कुठल्यातरी चुलीवर आहे. कुणाच्या, ते मी विचारलेलं नाही.